प्लगिनचा एक टॅब जतन करताना दुसऱ्या टॅबच्या सेटिंग्ज पुसल्या जाण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय असून ऑर्डरी घेण्यासाठी आमच्या वर्डप्रेस वेबसाइटवर आपल्या फॉर्म प्लगिनची (वेबसाइटला जोडायच्या पूरक प्रोग्रामची) सशुल्क आवृत्ती आम्ही दीड वर्षापासून वापरत आहोत. गेल्या सोमवारी 'रंगरूप' या टॅबमध्ये बटणाचा रंग बदलून मी तो जतन केला आणि 'सेटिंग्ज जतन झाल्या' अशी हिरवी पट्टीही दिसली. गुरुवारी एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी फोन करून चकलीच्या ऑर्डरची चौकशी केली, तेव्हा 'ई-मेल' टॅब उघडला, तर ज्या पत्त्यावर ऑर्डरी येतात तो रकाना कोरा होता. आपले प्लगिन फॉर्म फक्त ई-मेलने पाठवते, साठवत नाही. त्यामुळे त्या 3 दिवसांत आणखी कोणी ऑर्डर दिली होती, हे कळायला आम्हाला मार्गच उरलेला नाही.

आपल्या प्रतिनिधींनी कॅशे (तात्पुरती साठवलेली जुनी माहिती) साफ करायला सांगितले. परंतु आमच्या ओळखीच्या डेव्हलपरने डेटाबेस तपासला, तेव्हा दोष कॅशेचा नसल्याचे स्पष्ट झाले. आपल्या सर्व सेटिंग्ज डेटाबेसमधील ऑप्शन्स टेबलच्या एकाच ओळीत एकच ॲरे (अनेक मूल्यांची एकत्र यादी) म्हणून ठेवल्या जातात. ही पद्धत रूढ आहे आणि तिला माझा आक्षेप नाही. मात्र एका टॅबवरून फक्त त्याच टॅबचे रकाने सर्व्हरकडे जातात आणि 'अपडेट_ऑप्शन' हे फंक्शन जुन्या ॲरेत भर न घालता त्याच्या जागी नवा ॲरे ठेवते. म्हणून जुना ॲरे आधी वाचून त्यात नवे बदल मिळवणे ही प्लगिनची जबाबदारी होती. वाचतानाही तीच हयगय झाली आहे. सेटिंग्ज वाचणाऱ्या 'गेट_ऑप्शन' या फंक्शनला दिलेले डिफॉल्ट (ठरवून ठेवलेले पर्यायी) मूल्य ते ऑप्शन, म्हणजे ती संपूर्ण ओळ, मुळातच नसेल तरच मिळते, ॲरेच्या आतली एखादी 'की' (एका मूल्याचे नाव) गहाळ असेल तर मिळत नाही. त्यामुळे पत्ता रिकामा असल्यास प्रशासकाच्या ई-मेलवर ऑर्डर जाईल, हे आपल्या माहितीपुस्तिकेतील आश्वासन फोल ठरले.

ही दुरुस्ती काही ओळींची आहे. ती पुढील अपडेटमध्ये करावी, तोपर्यंत सर्व ग्राहकांना ई-मेलने सावध करावे आणि आमचे चालू वर्षाचे नूतनीकरण शुल्क परत करावे. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली,
एक सशुल्क ग्राहक