पेशंटला कुणी विचारतं का?

संपादक साहेब,

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात पेशंटच्या वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, म्हटलं की आपल्याकडे अर्थ एकच, डॉक्टरांनी हात टेकले. माझ्या आत्याच्या वेळी आम्हीही तेच समजलो. कॅन्सर आहे हे सगळ्या घराला माहीत, फक्त तिला सोडून, डॉक्टरपण आमच्याशीच बाहेर पॅसेजमध्ये बोलायचे आणि ती आत कण्हत पडलेली.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल याच्या बरोबर उलट करत आलेत. मूळचे भूलतज्ज्ञ, १९९३ ला कोझिकोडमध्ये सहकाऱ्यांबरोबर काम सुरू केलं, मग २००३ ला पॅलियम इंडिया ही संस्था. काय दुखतंय, कसली भीती वाटते, घरी पैशाचं काय, हे पेशंटलाच विचारायचं आणि वेदना आधी कमी करायची, ट्रीटमेंट चालू असली तरी. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध काही महाग नाही हो, पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कटकटीत ते मिळतच नव्हतं, त्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं भांडला तेव्हा कुठे २०१४ ला दुरुस्ती झाली.

आता निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या कायम असाव्यात आणि खुर्ची ओढून पेशंटजवळ दहा मिनिटं बसणारा एक डॉक्टर, यावर तुमच्या पेपरने जरा लावून धरावं.

– एक वाचक, परभणी