शाळेत स्पॅनिशला मनाई, पुढे मानसशास्त्रात पीएच.डी.

संपादक महोदय,

मानसशास्त्राचा विषय निघाला की आपली गाडी फ्रॉइड-युंगपुढे सरकत नाही. म्हणून मार्था बर्नाल यांच्याविषयी चार ओळी. मेक्सिकोतून आलेल्या आईवडिलांच्या पोटी १९३१ मध्ये टेक्सासमध्ये त्या जन्मल्या. शाळेत स्पॅनिश बोलायला मनाई, आणि पुढच्या शिक्षणाला आधी वडिलांचाच विरोध (घरोघरी मातीच्या चुली!). तरीही १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या मेक्सिकनवंशीय महिला ठरल्या. नोकरी शोधताना 'आम्ही बायकांना घेत नाही' हेही ऐकून झाले.

मला मोलाचे वाटते ते नंतरचे काम. मानसशास्त्रज्ञ घडवणाऱ्या विभागांत वांशिक अल्पसंख्याक किती थोडे आहेत, हे त्यांनी पाहणी करून दाखवले. मेक्सिकनवंशीय मुलांमध्ये आपल्या समाजाची ओळख कशी रुजते, याचाही अभ्यास केला. हे मोलाचे, कारण 'आताके दे नेर्व्हियोस' (स्पॅनिशमध्ये एकाएकी घाबरून थरथरण्या-रडण्याचा झटका) म्हणणाऱ्या बाईला नेमके काय होते, हे तिची भाषा जाणणाऱ्याला लवकर उमगते. आपल्या 'जीव घाबरा होतो'चेही तसेच.

२०११ मध्ये मेल्बा वास्केझ अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या महिला) अध्यक्ष झाल्या. ते पाहायला बर्नाल नव्हत्या. २००१ मध्येच त्या गेल्या.

– एक वाचक, सोलापूर