पायऱ्या न गाळल्याबद्दल

ताई,

स. न. वि. वि.

पंचगंगेची पातळी आणि पाण्याखाली गेलेले बंधारे दाखवणाऱ्या आपल्या मुक्तस्रोत ॲपमधल्या जुनाट लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच) तुम्ही पावसाळ्याच्या तोंडावर अद्ययावत करून दिल्या. मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण जँगोवर (पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर) बांधलेलं असंच जुनं ॲप सांभाळणारे बरेच जण आहेत. तुम्ही कोणत्या क्रमानं काम केलंत, हे त्यांनाही कळायला हवं.

जँगो २.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्येच संपला होता. तिथून थेट ५.२ चा आकडा टाकून मोकळं होण्याचा मोह कुणालाही पडला असता. तुम्ही पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) एकेक काढतात तसं केलंत: २.२, मग ३.२, मग ४.२, मग ५.२. जँगो एखादी सोय काढून टाकण्याआधी इशारा देतं, पण पायथन तो इशारा एरवी दाबून ठेवतं. ‘-डब्ल्यूए’ पर्याय देऊन टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) चालवल्या की तो दिसतो. प्रत्येक थांब्यावर हे इशारे संपेपर्यंत तुम्ही पुढे सरकला नाहीत. म्हणूनच पत्ते जोडणारं जुनं ‘यूआरएल’ फंक्शन आणि भाषांतराचं ‘यूगेटटेक्स्ट’ जँगो ४.० मध्ये हद्दपार झाले, तरी काही मोडलं नाही.

पायथनचंही तसंच. त्याची ३.९ ही आवृत्ती जँगोच्या २.२, ३.२ आणि ४.२ या तिन्हींना चालते, म्हणून आधी तिथे मुक्काम केलात, ४.२ स्थिरावल्यावर ३.१२ वर नेलंत. पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारं सायकोपीजी२ मात्र जँगो ३.२ येईपर्यंत २.९ च्या खालीच बांधून ठेवलंत. ते आधी वाढवलं असतं, तर जँगो २.२ नं ‘डेटाबेस कनेक्शन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) नाही’ म्हणत पहिल्याच तारखेच्या क्वेरीला मान टाकली असती. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या जुळतात का ते पाहणारं ‘पिप चेक’ ही अडचण सांगत नाही. शेवटच्या उडीआधी पोस्टग्रेस बदलावं लागलं, कारण ५.२ ला किमान १४ लागतं.

आता तेवीस मिनिटांबद्दल. यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच.

सीएसव्ही फायलीतून नोंदी आत घेणारा जुना कोड पायटीझेड या टाइमझोनच्या लायब्ररीतला टाइमझोन थेट तारखेच्या ‘टीझेडइन्फो’ला देत होता. असं केलं की पायटीझेड त्या ठिकाणाची यादीतली पहिली वेळ उचलतं. ‘एशिया/कोलकाता’च्या बाबतीत ती म्हणजे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. त्यामुळे राजाराम बंधाऱ्यावरची सकाळी सातची नोंद ॲपमध्ये ६:३७ ची म्हणून बसत होती. फॉर्ममधून हातानं भरलेल्या नोंदी बरोबर होत्या, कारण तिथे जँगो स्वतः वेळ जुळवतं. जँगो ५.० मध्ये पायटीझेडचा आधार पूर्ण गेला. त्याच्या जागी पायथनचं स्वतःचं झोनइन्फो घातलं की तोच कोड एकही ओळ न बदलता बरोबर ५:३० देऊ लागतो. खरा धोका तिथेच होता. नव्या नोंदी बरोबर, जुन्या २३ मिनिटं मागे, आणि एखादी जुनी फाईल पुन्हा आत घेतली तर ६:३७ आणि ७:०० अशा दोन नोंदी, कारण दुहेरी नोंद अडवणारी अट ठिकाण आणि वेळ यांवरच होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या आलेखात पाणी ३९ फुटांची इशारा पातळी किंवा ४३ फुटांची धोका पातळी कधी ओलांडतं, हेच तर लोक पाहतात. तुम्ही फक्त सीएसव्हीतून आलेल्या नोंदींना २३ मिनिटं जोडणारं वेगळं मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी स्क्रिप्ट) लिहिलंत, उलट फिरवायची सोय ठेवलीत आणि ते झोनइन्फोच्या बदलासोबत एकाच वेळी लावायला सांगितलंत. लई भारी काम.

दुसरी खोच नोंद भरायच्या फॉर्मची. टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि चाचणी सर्व्हरवर मात्र ४०३, म्हणजे परवानगी नाकारली. जँगो ४.० पासून विनंती कुठून आली हे सांगणारं ‘ओरिजिन’ हेडर तपासलं जातं, आणि ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’मध्ये (परक्या साइटवरून खोट्या विनंत्या येऊ नयेत म्हणून ठेवलेल्या विश्वासू पत्त्यांच्या यादीत) पत्ता ‘एचटीटीपीएस://’ सकट द्यावा लागतो. आपलं एचटीटीपीएस एनजिनएक्स या पुढच्या वेब सर्व्हरपाशीच संपतं, आत साधं एचटीटीपी, त्यामुळे जँगोला पत्ता जुळत नाही. जँगोचा टेस्ट क्लायंट एरवी सीएसआरएफ तपासत नाही, त्यामुळे नेहमीच्या टेस्टमध्ये हे सापडत नाही. तपासणी चालू ठेवून चालणारी एक टेस्ट तुम्ही जोडलीत, ती आता इथून हलणार नाही.

नोंदींच्या क्रमांकाचा प्रकार ठरवणारं ‘डीफॉल्ट ऑटो फील्ड’ जुन्याच प्रकारावर ठेवलंत, हेही शहाणपणाचं. मोठ्या क्रमांकांचं बिगऑटोफील्ड केलं असतं तर पोस्टग्रेसनं अख्खी टेबलं पुन्हा लिहिली असती, तीही कुलूप लावून, म्हणजे तोवर वाचणं-लिहिणं बंद.

फ्रंटएंडचं थोडक्यात: पानांच्या स्टाइल तयार करणारं नोड-सास काढून डार्ट सास, फायली एकत्र बांधणाऱ्या वेबपॅक ४ चं ५. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये १७ पासून ओपनएसएसएल ३ ही एनक्रिप्शनची लायब्ररी आली आणि वेबपॅक ४ ला लागणारं एमडी४ हे जुनं हॅश मागे पडलं. त्यावर ‘लेगसी प्रोव्हायडर’चं ठिगळ सगळीकडे सुचवलेलं दिसतं, तुम्ही ते लावलं नाहीत. लायब्रऱ्यांमधल्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करणाऱ्या ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ला ‘--फोर्स’ही जोडलं नाहीत. ते मुख्य आवृत्त्याच उड्या मारत बदलतं आणि मग काय कशानं मोडलं ते शोधत बसावं लागतं. सर्व्हरवर आता ‘एनपीएम सीआय’, म्हणजे नेमक्या आवृत्त्या नोंदलेल्या लॉक फाईलमध्ये आहे तेच आणि तेवढंच.

प्रत्येक कमिटमध्ये (कोडातल्या बदलाच्या नोंदीत) एकच लायब्ररी, आणि संदेशात काय बदललं, का, आणि परत कसं फिरायचं. रात्री कामावरून आल्यावर तपासायला बसणाऱ्याला याची किंमत विचारा.

तुमची शेवटची सूचनाही मान्य: जून ते सप्टेंबर फक्त ५.२ मधल्या सुरक्षा दुरुस्त्या, बाकी सगळं दसऱ्यानंतर. ५.२ चा सपोर्ट एप्रिल २०२८ पर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. वाट पाहणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी प्रकल्पाच्या इश्यूमध्ये (कामांच्या नोंदीत) टाकली आहे. सवडीनं क्रम लावून द्यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

ॲपची देखभाल करणारे आम्ही,
कोल्हापूर