आबा, सही मी केली आहे

पुणे,
२७ ऑगस्ट १९८९

ती. आई-आबांना शि. सा. नमस्कार.

आबा, आधी रक्तदाबाची गोळी घ्या, मग पुढे वाचा. इकडे सगळे खुशाल. संजूचंही पत्र आलंय. ताप उतरला, जेवण वेळेवर मिळतं, असं लिहितो. आई, तू दिलेली गोधडी अजून त्याच्याजवळच आहे.

श्रीलंकेतून फौज परत बोलवा, असं निवेदन पंतप्रधानांना जातंय. त्यावर मी सही केली आहे. येत्या शनिवारी सभा आहे, तिथे चार शब्द बोलणारही आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग मला ते मोडवलं नसतं. संजूचं नाव, पलटण काही दिलेलं नाही. ह्यांच्या नोकरीलाही धोका नाही, चौकशी करूनच सही केली.

तुम्ही म्हणाल, हुकूम म्हणजे हुकूम. कबूल. संजूने हुकूम पाळावा, पाळतोच आहे. पण हुकूम देणाऱ्याला विचारायचं कुणी? ८७ च्या जुलैत कोलंबोत करार झाला तेव्हा आपली फौज शांतता राखायला, तमिळ पोरांची हत्यारं जमा करून घ्यायला गेली होती. ऑक्टोबरात त्याच पोरांशी लढाई जुंपली. त्यांना शिकवलं, हत्यारं दिली तीही आपणच. जाफना विद्यापीठावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तुकडीतले शीख जवान जवळजवळ सगळेच गेले. मेजर परमेश्वरन महार रेजिमेंटचे, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो फोटो तुम्हीच कापून ठेवलाय. आजवर हजाराच्या आसपास जवान गेले, आबा, आणि कशासाठी ते सांगणारा कुणी भेटत नाही.

आता तर श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच १ जूनला जाहीर सांगितलं, २९ जुलैपर्यंत फौज न्या. तिकडे ते वाघांशी, म्हणजे आपण लढतोय त्या तमिळ पोरांशीच, बोलणी करतायत. ज्यांच्यासाठी गेलो ते तमिळही आपल्यावर चिडलेले. घरच्यांनीच उठा म्हटल्यावर पाहुण्याने पाटावर किती वेळ बसायचं?

फौज अर्ध्यावरून फिरली तर गेलेल्यांचं काय, असं तुम्ही दिवाळीत म्हणालात. तेव्हा मी गप्प बसले, पण ते डोक्यातून जात नाही. ७१ च्या लढाईत तुम्ही जमालपूरला लढलात, ढाक्यापर्यंत गेलात. बांगलादेश हा नवा देश उभा राहिला, त्यांचे नेते मुजीब परत आले, आणि ७२ च्या मार्चमध्ये आपली फौज तिथून निघाली. त्याला कुणी माघार म्हणालं नाही. उलट तिथे थांबलो नाही, हीच आपली शान, हे मी तुमच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. मग आज थांबण्यात शान कुठून आली?

त्या लढाईवरून तुम्ही घरी आलात तेव्हा संजू तुम्हाला ओळखेना, आईच्या पदराआड लपला. तुमच्या मिशांना हात लावायला मी त्याला माझ्या वाटणीची अर्धी चिक्की दिली होती. तो माझ्यासाठी अजून तेवढाच आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. या महिन्याच्या सुरुवातीला जाफन्याकडच्या वल्वेट्टीथुराईत आपल्या तुकडीवर हल्ला झाला, आणि मग गावातली साधी माणसं मारली गेली, अशा बातम्या येतायत. आपला संजू तसा नाही. पण रोज कुठून गोळी येईल कळत नसताना पोरगा आतून काय होऊन येईल, याची मला गोळीपेक्षा जास्त भीती वाटते. आबा, हे फौजेबद्दल नाही, तिला तिथे ठेवणाऱ्यांबद्दल आहे. तुमच्या पदकांना मी कमी लेखत नाही, कधीच लेखणार नाही.

आता ऐका. रात्रीच्या बातम्या लावायच्या नाहीत, त्यानंतर तुम्हाला झोप लागत नाही हे आईने कळवलंय. मीठ कमी, लोणचं बंद. आई, गुडघ्याला ते तेल रोज लाव आणि विहिरीचं पाणी ओढू नकोस, गड्याला सांग. संजूच्या लग्नाची घाई इतक्यात नको. त्याला आधी येऊ दे, महिनाभर नुसता झोपू दे.

सभा झाली की रविवारच्या एस.टी.ने गणपतीला येते. रागवायचं असेल तर तेव्हा समोर रागवा, पत्रातून नको.

तुमची,
शकू

ता. क. संजूला यातलं काही लिहू नका. तिकडे पत्रं उघडून वाचतात म्हणे. आईच्या गुडघ्याचं आणि म्हशीचं लिहा.