साउंडच्या टेबलामागे बसणाऱ्या बायस

प्रिय बाय,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं. त्या रात्री बँडच्या कार्यक्रमात दहाच्या ठोक्याला आवाज बंद झाला आणि तू लगेच वायरी गुंडाळायला लागलीस, तेव्हा मध्ये जाऊन विचारणं बरं दिसलं नाही. नंतर माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, तिला आम्ही सगळे साउंडच म्हणतो." म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय. म्हापसा-आसगावच्या बाजूला तुला ओळखणारं कुणी असेल तर ते पोचवील. खूण सांगतो. त्या खोलीत साठेक माणसं होती, त्यांत इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि दोन्ही कानांमागे मशीन लावलेला एकच.

मी डिचोलीचा. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझे कान एकदम गेले नाहीत, अक्षराअक्षरानं गेले. आधी स, श, फ, मग त आणि थ. समोरचा 'साल' म्हणाला की 'ताल', ते ओठांकडे बघून ठरवायचं. वय झालं की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं आणि ही अक्षरं नेमकी तिथेच राहतात. जन्मभर मुलांना शुद्धलेखन घातलेल्या माणसाची ही थट्टाच म्हणायची. मशीन लावल्यावर बोलणं पुष्कळ सुधारलं, पण गाणं गेलं. कला अकादमीच्या भजन स्पर्धांना मी पूर्वी पहिल्या रांगेत असायचो. मशीन लावून गेलो, तर पेटीचा सूर जरा लांबला की मशीनला ती शिट्टी वाटायची, ते तिला दाबायला बघायचं आणि कानात सूर चिवचिवत यायचा. जाणंच सोडलं. ज्यांनी मशीन विकलं त्यांनी बिलावर सही घेतली, गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तरीही त्या रात्री आलो तो विद्यार्थ्याच्या आग्रहापोटी. बेस गिटार वाजवतो तो. नववीत बोरकरांची कविता पाठ केली नाही म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलेला, आणि बाहेर उभं राहून खिडकीची पट्टी वाजवणारा. एका संध्याकाळी चार बँड, सगळ्यांची स्वतःची गाणी, तिकीट 300 रुपये आणि बसायला खुर्ची नाही. दाराशी एका टेबलावर टी-शर्ट आणि स्टिकर मांडून बँडचीच पोरं विकत होती. मला शिवोलीच्या रेमो फर्नांडिसांची आठवण झाली. 1984 मध्ये त्यांनी घरीच रेकॉर्ड केलेली कॅसेट स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी पोचवली होती. चाळीस वर्षांत स्कूटरच्या जागी क्यूआर कोड आला, एवढाच फरक.

पहिला बँड सुरू झाला आणि मी घाबरलो. गाणं ऐकू येत नव्हतं असं नाही. कानात कुणी पत्र्यावर खडी ओतावी तसं काहीतरी येत होतं. मी एकदा डावं मशीन चाचपतोय, एकदा उजवं. तू टेबलामागून ते पाहिलंस. ओरडून काही उपयोग नाही हे तुला कळलं होतं. तू पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा फाडलास, त्यावर मार्करनं रोमी लिपीत लिहिलंस, "मशीन काड", आणि तो टेबलाच्या कडेला माझ्यासमोर चिकटवलास. मग पेटीतले फोमचे बोळे दिलेस आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवलंस. तू उरलेला वेळ उभीच होतीस, हे मला फार उशिरा लक्षात आलं. म्हाताऱ्या माणसाचा हा आपमतलबीपणा माफ कर.

दोन बँडच्या मधल्या वीस मिनिटांत तू जे समजावलंस ते मला पैसे घेऊनसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. मशीन बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं साठ-पासष्ट डेसिबलचं, आणि बँड चालू असताना तुझ्या फोनवरचा आकडा होता 103. एवढा आवाज मशीनमध्ये मावतच नाही, वरचा भाग कापला जातो, आणि कापलेल्या आवाजाची खडी होते. मग तू 85 चा हिशेब सांगितलास. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. मी मनात मांडत गेलो, 88 ला चार, 91 ला दोन, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. पोरांना भूमिती श्रेढी शिकवणाऱ्या आमच्या गणिताच्या मास्तरांना हे उदाहरण फार आवडलं असतं. तू स्वतः मात्र कानाच्या मापाचे प्लग घालून बसतेस, हे बघून बरं वाटलं.

दुसऱ्या बँडच्या वेळी स्टेजवरच्या माइकनं किंचाळी फोडली आणि तू हसून माझ्या कानाकडे बोट दाखवलंस. मशीनवर हात ठेवला की तेही असंच किंचाळतं. स्पीकरमधून निघालेलं परत माइकमध्ये शिरतं आणि फिरत राहतं. दुखणं एकच, फक्त तुझ्याकडे त्यावर बटण आहे. याच बँडच्या वेळी ती गुणगुण लागली होती ना, सतत एका सुरात? सगळे गिटारवाल्याकडे बघत होते. तू तोंडात टॉर्च धरून गुडघ्यांवर रांगत गेलीस, जमिनीवरच्या एका लहान डब्यावरची खटकी सरकवलीस आणि गुणगुण गेली. कुणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली होती, पण तू वाकलेली होतीस.

आता मुख्य गोष्ट. तिसरा बँड माझ्या विद्यार्थ्याचा. "मात्शें रावात, काका", जरा थांबा, म्हणून तू ड्रॉवरमधून जुने हेडफोन काढलेस, एकाच्या कुशनला चिकटपट्टी लावलेली, आणि तुझ्या हेडफोनच्या शेजारी जोडून माझ्या डोक्यावर ठेवलेस. आवाजाची चावी स्वतः फिरवलीस. मी ती थोडी वाढवायला गेलो तर माझ्या हातावर हलकी चापट मारलीस. वर सांगितलंस की यातून ड्रम फारसे येणार नाहीत, खोली लहान असल्यानं ते तसेच पुरेसे मोठे आहेत, म्हणून टेबलातून ते सोडावेच लागत नाहीत. यातून येईल मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज.

बाय, त्याचा अर्थ असा झाला की तुला सोडून त्या खोलीत शब्द नीट ऐकणारा मी एकटाच होतो.

ड्रम पायाखालच्या लादीतून आणि स्टुलाच्या पायांतून येत होते, आणि कानात कोंकणी. सगळी पोरं उड्या मारत होती. मीही बाहेर उभा असतो तर हे कुठलं तरी रागाचं गाणं आहे असंच समजलो असतो. ते गाणं एका ट्रकचं निघालं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या त्या दिवसापासून घराच्या बाजूला उभा असलेला खनिजाचा ट्रक. मध्ये थोडे दिवस तो चालला, 2018 मध्ये परत उभा राहिला, तो कायमचा. टायर बसले, केबिनमध्ये मांजर व्यायली, आई टपावर भोपळ्याचा वेल चढवते आणि बाप रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून चहा पितो. आमच्या डिचोलीत असे ट्रक किती बघितले असतील मी, आणि त्यातला एक याच पोराच्या अंगणात होता. त्याच्या बापाला मी फीच्या थकबाकीबद्दल दोनदा शाळेत बोलावलं होतं. ट्रकचा आणि त्या फीचा संबंध तेव्हा माझ्या डोक्यात आला नव्हता.

मधेच तू कसलंसं बटण दाबलंस आणि गाणं, गिटार, सगळं गायब. नुसता बेस. तारेवरून बोट सरकल्याची खरखरसुद्धा ऐकू आली. चार-पाच सेकंदच असतील. तू तुझं काम तपासत होतीस, मी वर्गाच्या खिडकीची पट्टी ऐकत होतो. मग परत सगळे आले.

चौथ्या बँडला तीनच गाणी मिळाली. उघड्या जागी रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको हा 2000 सालचा नियम आहे, आणि तुमच्या त्या जागेला एका बाजूनं भिंतच नाही. माझ्यासारख्या लवकर झोपणाऱ्याला नियम पटतो, पण त्या चार पोरांचे चेहरे बघून त्या दिवशी पटला नाही. गुणगुण शोधण्यात गेलेली ती बारा मिनिटं त्यांच्या वाट्यातून गेली. तू त्यांना 'सॉरी' म्हणालीस, चूक तुझी नसताना.

परवा एका दुसऱ्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तू सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून दिला, शिट्टी दाबणारं आणि आवाज गाळणारं त्यात बंद ठेवलं. तुमच्या स्पीकरसमोर तो टिकणार नाही, असं त्याच म्हणाल्या. पण रविवारी देवळातल्या भजनाला लावून बसलो. पेटी चिवचिवली नाही. झांजा जरा जास्तच ऐकू आल्या.

आणि एक काम आहे. तुझ्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीमागे, माझी सेलची डबी राहिली आहे. नारिंगी पट्टीचे, 13 नंबरचे, बहुतेक चार उरले असतील. पट्टी काढू नकोस, काढली की ते सुरू होतात आणि संपत जातात. पुढच्या महिन्यात पोरांचा परत कार्यक्रम आहे म्हणे, तेव्हा घेईन. येताना घडीची खुर्ची मी घरून आणतो, तुझं स्टूल तुलाच असू दे.

तुझा,
डिचोलीचा मास्तर