सूचना : सुशासन दिनी अडकलेली कामे घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार. अटलबिहारी वाजपेयींचा जन्मदिवस, २५ डिसेंबर, २०१४ पासून देशभर सुशासन दिन म्हणून पाळला जातो. नाताळची सुट्टी असल्याने सरकारी कार्यालये बंद असतील. आपण सकाळी १० वाजता वाचनालयात अर्ज लिहायला बसू.

ज्यांचा दाखला किंवा फेरफार रखडला आहे, त्यांनी जुन्या अर्जाची पोच आणावीच. घडीवर फाटलेली असली तरी चालेल, पण शिक्का आणि तारीख वाचता आली पाहिजे. लोकसेवा हक्क कायद्यात (२०१५) अधिसूचित (म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या यादीतल्या) सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली की ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि मुदत कधी उलटली हे पोचेवरच्या तारखेवरूनच मोजायचे असते. माहिती अधिकाराच्या अर्जासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. शेजारच्या आजी-आजोबांनाही सोबत आणा, त्यांचे अर्ज आपण लिहून देऊ.

– सचिव