शिबिरात काचबिंदू कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात आमच्या भागातल्या एका मंडळाच्या नेत्रतपासणी शिबिराचा फोटो होता, मोफत चष्मे वाटतानाचा. चांगलं काम आहे, कोण नाही म्हणतंय. पण असल्याच एका शिबिरात दोन वर्षांपूर्वी माझ्या दादाने तक्त्यावरची खालची ओळ धडाधड वाचून दाखवली आणि त्याला "नजर एकदम क्लिअर" म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर सिंहगड रोडवर त्याची स्कूटर दोनदा डावीकडच्या रिक्षाला घासली, आम्ही सगळे त्यालाच बोललो की लक्ष कुठं असतं तुझं. नंतर वहिनीला वाटलं मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाकू. शेवटी फील्ड टेस्ट (कडेची नजर किती आहे ते बघणारी तपासणी) केली तेव्हा कळलं की काचबिंदू आहे आणि दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेलीये, डाव्याची जास्त. गेलेली परत येत नाही. मोतीबिंदूत लेन्स बदलता येते, इथं डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नसच सुकते. आणि हा आजार आधी कडा खातो, मधल्या नजरेला शेवटी हात लावतो, म्हणून तक्ता वाचता येतो!

डॉक्टरांनी दुसऱ्याच व्हिजिटला सांगितलं की सगळ्या भावंडांना घेऊन या. आम्ही गेलो, कुरकुर करतच. माझं ठीक निघालं, ताईच्या डोळ्यातला पाणी निचरायचा कोन मात्र अरुंद निघाला, दादासारखाच. तो बंद झाला की डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नस खराब होते. तिला काहीही त्रास नव्हता. लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडलं, दहा मिनिटांत बाहेर आली आणि चहा कुठाय विचारत होती.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. काचबिंदू सगळीकडे सारखा नाही. कोन उघडा असलेला प्रकार आफ्रिकेत सगळ्यात जास्त, तिथे 40 ते 80 वयात साधारण 4.2 टक्के लोकांना. दादाचा कोन बंद होणारा प्रकार मात्र आपल्या आशियाचा, इथे साधारण 1.1 टक्के. टक्का कमी दिसतो पण माणसं किती आहेत बघा, जगातल्या काचबिंदूच्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त आशियातच आहेत. जपानमध्ये अजून तिसरीच तऱ्हा, तिथे बहुतेक पेशंटचं डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असतं तरी नस खराब होते. म्हणजे शिबिरात नुसता हवेचा झोत मारून प्रेशर मोजलं की झालं असंही नाही.

भारतात 2010 च्या एका अंदाजानुसार चाळिशीपुढचे काचबिंदूचे 1 कोटी 12 लाख पेशंट, त्यातले 25 लाखांच्या आसपास कोन बंद होणारे. चेन्नईच्या पाहणीत शहरातलं प्रमाण खेड्यापेक्षा जास्त निघालं, पण दोन्हीकडे ज्यांना आजार होता त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना पत्ताच नव्हता. जगाचा आकडा 2013 ला 6 कोटी 43 लाख होता, 2040 ला 11 कोटी 18 लाख होईल असा हिशेब मांडलाय, आणि वाढ मुख्यतः आशिया-आफ्रिकेत. कारण साधं आहे, लोक जास्त जगतायत आणि हा म्हातारपणाकडे वाढणारा आजार. 2040 मधले हे पेशंट म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत हिंजवडीला कॅब पकडणारे, आपलेच लोक.

माझं म्हणणं एवढंच की शिबिर घेणाऱ्यांनी चष्म्यांचा आकडा सांगताना हेही सांगावं की किती जणांच्या डोळ्याची नस बघितली, कोन किती जणांचा तपासला. त्याला डॉक्टर लागतो, वेळ लागतो, रांग हळू सरकते आणि फोटोही तेवढा भारी येत नाही, मान्य. मग दोनशेऐवजी साठच लोक बघा, पण ज्यांच्या घरात कुणाला काचबिंदू आहे आणि जे स्वतःच्या मनाने मेडिकलमधून स्टिरॉइडचे ड्रॉप आणून महिनोन्‌महिने घालतात (त्यानेही प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो) त्यांना आधी बोलवा. मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह असतो, तेव्हा तुम्हीही मोतीबिंदू आणि काचबिंदूतला फरक पहिल्या पानावर नाही तरी निदान पुरवणीत छापा. आमच्या सोसायटीत अजून दादाला लोक विचारतात, "मग ऑपरेशन कधी?"

आपला,
एक वाचक, वडगाव बुद्रुक, पुणे